देवास गेलो की देवास नैवेद्य दाखविला? जुन्या मराठी कागदांतली स्थळनावं टॅग करण्याची सविस्तर कृती

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आजोबांची पत्रं निघाली. १९३० ते १९५५ या काळातली, दोनशेच्या आसपास. दोन वर्षं संध्याकाळी थोडं थोडं करत मी ती सगळी टाइप केली. आजोबा कधी कुठे गेले, कुणाला कुठून लिहिलं, हे नकाशावर मांडावं अशी इच्छा होती. म्हणून सुरुवातीला सहज ‘इंदूर’ हा शब्द शोधला. सापडला जेमतेम दहा-बारा वेळा! दोनशे पत्रं, बहुतेक सगळी इंदुरात बसून लिहिलेली, आणि इंदूर दहा-बारा वेळा?

कारण साधं होतं. आजोबा मथळ्यात ‘मु॥ इन्दूर’ असं अर्धा न घालून लिहायचे. मजकुरात ‘इंदुरास’, ‘इंदुरांत’. एका ठिकाणी तर चक्क ‘इंदोरांहून’. यंत्राला यातलं काहीच ‘इंदूर’ वाटत नव्हतं. त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमच्याकडे पत्रं नसतील, रोजनिशी असेल, एखाद्या मंडळाची जुनी इतिवृत्तं असतील किंवा प्रवासवर्णन असेल, तरी रीत हीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कागदावर काय लिहिलं आहे आणि ती जागा कुठली आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या रकान्यांत ठेवायची. ‘इंदोरांहून’ हे पहिल्या रकान्यात जसंच्या तसं राहील. ‘इंदूर’ हे दुसऱ्यात जाईल. पहिला रकाना कधीही दुरुस्त करायचा नाही.

मजकूर तयार करणं

छापील कागद असेल तर स्कॅन करून गूगल ड्राइव्हमध्ये टाका आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर बऱ्यापैकी उचलला जातो. टेसरॅक्ट या मोफत साधनातही मराठीची सोय आहे. हाताने लिहिलेल्या पत्रांसाठी मात्र मी या वाटेला गेलो नाही. चुका सुधारण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात टाइप करून होतं. मोडीतले कागद असतील तर आधी बालबोध लिप्यंतर करून घ्यावं लागेल, तो वेगळाच उद्योग आहे.

कुणी आधी टाइप करून ठेवलेला मजकूर मिळाला तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आहे का ते पाहा. पूर्वी डीटीपीवाल्यांकडे कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट चालत. त्या फाइली फॉन्ट असेल तोवर मराठी दिसतात, पण आत असतात रोमन अक्षरं. अशा मजकुरात शोध चालत नाही, आधी परिवर्तकातून युनिकोड करून घ्या.

एक पत्र म्हणजे एक फाइल. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख ठेवा, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तिला हात लावायचा नाही. शुद्धलेखन सुधारायचा मोह होतो, तो आवरा. १९६२ साली नवे लेखननियम येण्याआधी ‘घरांत’, ‘पुण्यांत’, ‘इंदुरांत’ असे अनुच्चारित अनुस्वार देण्याची पद्धत होती. ते अनुस्वार त्या कागदाचं वय सांगतात.

शुद्धलेखन सुधारायचं नाही, पण डोळ्यांना न दिसणारा एक घोळ मात्र निस्तरायलाच हवा. ‘साताऱ्यास’ हा शब्द घ्या. त्यातलं ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं. काही कळफलक नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून ते बनवतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. कऱ्हाडचं तेच. आमच्या माळव्यात जावरा आहे, त्याचं ‘जावऱ्यास’ होतं आणि तिथेही तेच. माझी अर्धी पत्रं लॅपटॉपवर आणि अर्धी फोनवर टाइप झाली होती, त्यामुळे सातारा दोन तुकड्यांत विभागला गेला होता. यावर उपाय म्हणजे सगळ्या फाइलींत एकदाच ‘शोधा आणि बदला’ चालवून एकच प्रकार कायम करणं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यात युनिकोड सामान्यीकरणाची (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालं असेल तर ते एकसारखं करण्याची) आज्ञा आहे, पण ती फक्त नुक्त्याचा भाग जुळवते. अदृश्य जोडचिन्हाचा बदल तुम्हालाच सांगावा लागतो.

नियमपत्रक

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक थेट टॅग करायला, म्हणजे मजकुरातल्या स्थळनावांवर खुणा करायला, बसतात. मीही बसलो होतो. चाळीस पत्रं झाल्यावर लक्षात आलं की पहिल्या दहांत ‘होळकर’ला टॅग केलंय आणि नंतरच्या तिसांत नाही. सगळं पुन्हा केलं. तेव्हा एक पानभर नियम लिहा, आणि कामात नवी अडचण आली की निर्णय त्याच पानावर तारखेसह टिपा.

पहिला प्रश्न आडनावांचा. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले, पण ‘होळकर सरकार’ असं लिहिलं असेल तर तिथे होळ गावाचा काही संबंध नाही. आडनाव म्हणून आलेलं ‘-कर’ टॅग करायचं नाही, हा माझा नियम. पण ‘इंदूरकर मंडळींनी गणपती बसविला’ यात इंदूरकर म्हणजे इंदुरात राहणारे. त्याला मी ‘रहिवासी’ असा वेगळा टॅग दिला. आडनाव कोणतं आणि रहिवासी कोण हे संदर्भ सांगतो, यंत्र सांगत नाही.

दुसरा प्रश्न दरबारांचा. ‘बडोद्याने मान्यता दिली’, ‘ग्वाल्हेरचे म्हणणे निराळे’ अशी वाक्यं संस्थानी काळातल्या कागदांत पावलोपावली भेटतात. बडोदं इथे गाव नाही, गायकवाडांचं सरकार आहे. नकाशावर ठिपका पडायचा असेल तर ही फोड करावीच लागते. मी ‘गाव’ आणि ‘सत्ता’ असे दोन प्रकार केले. तुमचे कागद अजून जुने असतील तर काळाचं भान ठेवा. ‘इंदूर’ म्हणजे होळकरांची राजधानी हे समीकरण १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतरचं. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६७ ते १७९५ मध्ये, दरबार महेश्वरला होता.

नद्या, घाट, देवळं, वाडे, स्टेशनं यांचं काय ते आपापल्या गरजेप्रमाणे ठरवा. मी नर्मदा आणि क्षिप्रा घेतल्या, वाडे सोडले. रामबाग, मल्हारगंज, तुकोगंज, छत्रीबाग, कृष्णपुरा असे इंदूरचे मोहल्ले घेतले, कारण आजोबांचं अर्धं आयुष्य त्यांतच गेलं. तुकोगंज घ्यायचं आणि तुकोजीराव सोडायचे, हेही पत्रकात लिहून ठेवलं आहे. हसू नका, पहिल्याच फेरीत यंत्राने ‘तुको’ दिसलं की खूण केली होती.

आणि शेवटचा नियम: टॅग पूर्ण शब्दाला. ‘इंदूरहून’ असेल तर फक्त ‘इंदूर’ एवढ्या अक्षरांवर खूण करायची की ‘हून’सकट? मी पूर्ण शब्दावर करतो. ‘पुण्यास’ यातून ‘पुणे’ अक्षरं तोडून काढता येतच नाहीत, मग एका ठिकाणी तोडायचं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असा दुजाभाव कशाला?

नावांची यादी आणि तिची रूपं

मराठीत काम करायचं तर सगळ्यात जास्त मेहनत इथे. इंग्रजीसाठी बनवलेल्या साधनांना वाटतं की गावाचं नाव एकदा यादीत टाकलं की झालं. आपल्याकडे नाव विभक्तीत शिरलं की रूप बदलतं.

लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्समध्ये एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात मूळ नाव, दुसऱ्यात तुमच्या कागदांत सापडलेली इतर लेखनं, तिसऱ्यात सामान्यरूप. माझ्या तक्त्यातल्या काही ओळी अशा:

इंदूर | इन्दूर, इंदोर, इंदौर | इंदुरा, इंदुरां
बडोदे | बडोदा, बडोदें | बडोद्या, बडोद्यां
पुणे | पुणें | पुण्या, पुण्यां
खंडवा | खांडवा | खंडव्या, खांडव्या
धार | – | धारे
उज्जैन | उज्जनी, उज्जयिनी | उज्जैना, उज्जनी

आता प्रत्ययांची वेगळी यादी करा: स, ला, त, ने, शी, हून, तून, चा, ची, चे, च्या, आणि कडे, जवळ, पासून, पर्यंत, मार्गे, मध्ये यांसारखी शब्दयोगी अव्ययं. मूळ नाव आणि सामान्यरूप दोन्हींना सगळे प्रत्यय जोडून घ्या. आपण ‘इंदूरला’ही म्हणतो आणि ‘इंदुरास’ही लिहितो, त्यामुळे दोन्ही हवेत. दोन रकाने जोडण्याचं साधं सूत्र पुरतं. साठ नावं आणि वीस प्रत्यय धरले तरी बाराशे रूपं होतात, सामान्यरूपं धरली तर त्याच्या दुपटीहून जास्त. त्यांतली कित्येक रूपं कुणी कधी लिहिलेली नसतील. असू द्या, न वापरलेलं रूप यादीत राहिल्याने काही बिघडत नाही.

नावं कुठून आणायची? आधी स्वतःच्या कागदांतून. दहा पत्रं पूर्ण वाचून हाताने यादी करा, निम्मी महत्त्वाची नावं तिथेच निघतात. मग जिओनेम्स हा जगभरच्या स्थळनावांचा मोफत साठा आहे, त्यातून भारताची फाइल उतरवून घ्या. पर्यायी नावांची फाइल वेगळी मिळते आणि तिच्यात भाषेचा संकेत असतो, मराठीचा संकेत ‘एमआर’. त्यावर चाळणी लावली की देवनागरी नावं मिळतात. सगळा भारत मात्र यादीत ओतू नका. जितकी जास्त गावं, तितके जास्त भलते शब्द अडकतात.

भलते शब्द म्हणजे कसे, ते सांगतो. ‘धार’ शोधलं तर ‘आधार’, ‘उधार’, ‘सुधारणा’ सगळे रांगेत उभे राहतात. ‘वाई’ शोधलं तर ‘वाईट’ येतं, आणि जुन्या पत्रांत वाईट बातम्या बऱ्याच असतात. ‘फक्त पूर्ण शब्द शोधा’ हा पर्याय लावला की हे टळायला हवं, पण इथे एक खोच आहे. पायथनच्या नेहमीच्या शोध-मॉड्यूलसकट काही साधनांना वेलांटी, उकार, काना ही अक्षरं वाटतच नाहीत. शब्द तिथेच संपला असं समजून ती ‘धारेस’मधलं नुसतं ‘धार’ पकडतात. तेव्हा शब्दसीमेचं आयतं चिन्ह वापरण्यापेक्षा मागेपुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आहे का ते तपासणारा नमुना लिहा. नाहीतर पायथनमध्ये ‘रीजेक्स’ नावाचं जास्तीचं मॉड्यूल बसवा, ते देवनागरीशी नीट वागतं.

सीमा बरोबर पकडूनही फसवणारे शब्द उरतातच, आणि माळव्यात तर त्यांची जत्रा आहे. एका पत्रातलं वाक्य पाहा: ‘सकाळी देवास नैवेद्य दाखविला व दुपारच्या मोटारीने देवास गेलो.’ पहिला देवास देव्हाऱ्यातला, दुसरा इथून पस्तीसेक किलोमीटरवरचा. ‘मांडव’ म्हणजे मांडूचा किल्ला की लग्नाचा? ‘धार काढून येतो’ म्हणणारा गोठ्यात चालला आहे. ‘पुण्याचा’ हा शब्द पुण्यातल्या पत्त्याला आणि तीर्थस्नानाच्या पुण्याला सारखाच. ‘ठाण्यात’ गाव आणि पोलीस चौकी दोन्ही. पत्राच्या शेवटी ‘देव तुमचे कल्याण करो’ असलं की कल्याणवर ठिपका पडलाच समजा. आणि ‘लष्कर’ तर तिहेरी आहे: फौज, पुण्याचा लष्कर भाग आणि ग्वाल्हेरचं लष्कर. अशा नावांपुढे तक्त्यात ‘संशयित’ अशी खूण करा. ती यंत्राला आपोआप टॅग करू द्यायची नाहीत, फक्त सुचवू द्यायची.

उलट खात्री देणारे शब्दही असतात. मु॥, मुक्काम, पो., ता., जि., मौजे, कसबे, परगणे यांच्या लगेच पुढचा शब्द बहुतेक वेळा स्थळनावच असतो. यादीत नसलेली गावं मला याच वाटेने सापडली. नमुना अगदी साधा असतो: (मुक्काम|मु॥|मौजे|कसबे|परगणे) आणि पुढे एक मोकळी जागा. जे जे सापडेल त्याचा पुढचा शब्द यादीत आहे का पाहा, नसेल तर घाला.

टॅग करण्याचं सॉफ्टवेअर

बरीच साधनं आहेत. लेबल स्टुडिओ, डॉकानो ही दोन्ही मोफत आणि बरी. मी वापरलं ते ‘इन्सेप्शन’, जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं. तेही मोफत आणि मुक्तस्रोत. संगणकावर जावा हवं, मग एकच फाइल चालवली की ब्राउझरमध्ये उघडतं. मजकूर तुमच्याच संगणकावर राहतो. घरची पत्रं कुठल्या तरी सर्व्हरवर चढवायला घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध होता, त्यामुळे माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचं.

नवा प्रकल्प करून साध्या मजकुराच्या फाइली चढवा. यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग (युनिकोड मजकूर साठवण्याची नेहमीची पद्धत) असू द्या. टॅगसाठी ‘नेम्ड एंटिटी’ नावाचा तयार थर मिळतो, पण मी स्वतःचा थर केला आणि त्यात चार खाने ठेवले: प्रकार (गाव, सत्ता, नदी, मोहल्ला, रहिवासी), मूळ नाव, ओळख क्रमांक, खात्री. थर बनवताना खूण अक्षरांवर करायची की पूर्ण शब्दांवर, असं विचारलं जातं. आपण पूर्ण शब्द ठरवला आहे, पण ‘जुनी इंदूर’सारखी दोन शब्दांची नावं असतात, तेव्हा एकाहून अधिक शब्द चालतील असा पर्याय घ्या.

आता ‘रेकमेंडर’, म्हणजे सुचवणारा मदतनीस. त्यातला शब्द जुळवणारा प्रकार निवडा आणि आपली सगळ्या रूपांची यादी त्याला द्या. साधी मजकूर फाइल, प्रत्येक ओळीत रूप, मग टॅब, मग टॅग. संशयित नावं या फाइलीतून वगळा. पत्र उघडलं की सुचवण्या फिक्या रंगात दिसतात, एकेक मान्य करा किंवा नाकारा. तुम्ही हाताने केलेल्या नव्या खुणांवरूनही तो शिकतो. ‘पाताळपाणी’ एकदा टॅग केलं की पुढच्या पत्रात तो स्वतःच दाखवतो. यात एक सुख आहे, पण सावध राहा. सलग मान्य-मान्य करताना डोळे झापडतात. मी एका बैठकीत दहापेक्षा जास्त पत्रं करत नाही.

यादीऐवजी टॅग केलेल्या वाक्यांवरून शिकलेलं प्रारूप (मॉडेल) वापरता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. येतं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये ‘महाएनईआर’ हा पंचवीस हजार मराठी वाक्यांचा हाताने टॅग केलेला साठा आणि त्यावर शिकवलेलं प्रारूप खुलं केलं. एआय-फोर-भारतचं ‘इंडिकएनईआर’ मराठी धरून अकरा भारतीय भाषांसाठी आहे. दोन्ही हगिंग फेस या प्रारूपांच्या संकेतस्थळावर मिळतात आणि गूगल कोलॅबमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच पायथन चालवण्याच्या सोयीत, चालवता येतात. वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पत्र अख्खं देऊ नका, वाक्यवाक्य द्या, कारण अशा प्रारूपांना एका वेळी घेता येणाऱ्या मजकुराची मर्यादा असते. आणि ती शब्दांचे तुकडे करून वाचतात, त्यामुळे उत्तरही तुकड्यांत येऊ शकतं. तुकडे जोडून देण्याचा पर्याय चालू ठेवा. महाएनईआर बातम्यांच्या मराठीवर शिकलं आहे. ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद विशेष’ ही त्याची भाषा नाही. मी ते यादी संपल्यावर, राहिलेलं काही सापडतं का हे पाहायला वापरलं. आजकालच्या लेखांवर किंवा वर्तमानपत्री कात्रणांवर काम असेल तर मात्र सुरुवातच तिथून करा.

नाव कुठल्या जागेचं?

टॅग झाले, पण अजून ठिपका पडलेला नाही. प्रत्येक वेगळ्या मूळ नावाला आता एक ओळख क्रमांक द्यायचा, जिओनेम्सचा किंवा विकिडेटा या मुक्त माहितीसाठ्याचा. इन्सेप्शन विकिडेटाला जोडता येतं, म्हणजे टॅग करतानाच शोधून निवडता येतं. मी मात्र हे काम वेगळ्या तक्त्यात, ओपनरिफाइन या तक्ते साफ करण्याच्या साधनात केलं. तिथे सगळी नावं एकत्र दिसतात आणि विकिडेटाशी जुळवून सुचवली जातात.

सुचवलेलं पहिलं उत्तर डोळे झाकून घेऊ नका. आमच्या इंदूरचंच पाहा. तेलंगणातल्या निजामाबादचं जुनं नावही इंदूर. निजाम राज्याशी संबंधित कागदांत ‘इंदूर’ आलं तर ते आमचं नसण्याची शक्यता मोठी. पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ इंदोरी नावाचं गाव आहे, त्यामुळे ‘इंदोरी’ दिसलं की पोहे की गाव हे पाहावं लागतं. आमच्याकडे पोहेच असतात, पण आजोबांची बहीण तळेगावला दिलेली होती!

नुसती ‘टेकडी’, ‘छावणी’, ‘राजवाडा’ असे शब्द पत्र कुठे बसून लिहिलं त्यावर ठरतात. देवासहून लिहिलेल्या पत्रात ‘टेकडीवर जाऊन आलो’ म्हणजे चामुंडा आणि तुळजाभवानीची टेकडी. तेच वाक्य इंदूरच्या पत्रात बिजासनची टेकडी होऊ शकतं. म्हणून तक्त्यात ‘कुठून लिहिलं’ हा रकाना हवाच, तो मथळ्यातल्या ‘मु॥’वरून भरता येतो. देवासबद्दल आणखी एक. तिथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत होती. ‘थोरल्या पातीकडून’ ही माझ्या पत्रकाप्रमाणे सत्ता, आणि ठिपका देवासवरच.

नावं बदललेली गावं ही दुसरी पीडा, पण दोन रकान्यांची शिस्त पाळली असेल तर सोपी. भेलसा १९५६ मध्ये विदिशा झालं. होशंगाबाद २०२२ मध्ये नर्मदापुरम, औरंगाबाद २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगर २०२४ मध्ये अहिल्यानगर. महूचं सरकारी नाव डॉ. आंबेडकर नगर आहे. पत्रातलं ‘भेलशास’ पहिल्या रकान्यात तसंच, दुसऱ्यात आजचं नाव, तिसऱ्यात क्रमांक. उद्या आणखी एखादं नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. त्याचा खरा उपयोग हाच.

काही गावं जागेवर नसतातच. हरसूद २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात गेलं, नवं हरसूद छनेरा इथे वसवलं. १९४० सालच्या पत्रातल्या हरसूदला नव्या वस्तीवर ठिपका देणं चूक. जुन्या गावाचे अक्षांश-रेखांश शोधून घाला आणि शेऱ्यात ‘पाण्याखाली’ असं लिहा.

खात्रीच्या रकान्यात मी तीनच शब्द ठेवले: पक्कं, अंदाज, माहीत नाही. ‘माहीत नाही’ लिहायला लाजू नका. चुकीचा ठिपका एकदा नकाशावर गेला की तो चुकीचा आहे हे पुढे कुणालाच कळत नाही, रिकामी जागा मात्र कुणीतरी भरतं.

अक्षांश-रेखांश एकेक करून शोधायला ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा नॉमिनॅटिम हा स्थळशोधक उपयोगी पडतो. मोहल्ल्यांसाठी तर तोच. आपोआप शेकडो नावं विचारणार असाल तर सेकंदाला एकापेक्षा जास्त विचारणा करू नका, तसा त्यांचा नियम आहे. पत्रांत घरांचे पूर्ण पत्ते असतील तर जाहीर करायच्या नकाशात ते मोहल्ल्यापर्यंतच ठेवा.

तपासणी

पाच पत्रं निवडा, ती यंत्राच्या मदतीशिवाय दुसऱ्या कुणाकडून कागदावर टॅग करून घ्या आणि तुमच्या टॅगशी ताडून पाहा. आमच्याकडे हे काम आत्याने केलं, पेन्सिलने. समजा त्या पाच पत्रांत खरी स्थळनावं ६० आहेत. यंत्राने ५० खुणा केल्या, त्यांतल्या ४० बरोबर. म्हणजे केलेल्या खुणांपैकी ८० टक्के बरोबर, पण असलेल्या नावांपैकी ६७ टक्केच सापडली. हे दोन आकडे वेगवेगळे पाहा. पहिला कमी असेल तर यादीत भलते शब्द आहेत. दुसरा कमी असेल तर रूपं किंवा लेखनभेद राहिले आहेत. माझा दुसरा आकडा सुरुवातीला फार वाईट होता आणि त्याचं एकमेव कारण अनुस्वार होतं: ‘पुण्यांत’, ‘बडोद्यांत’, ‘धारेंत’. सामान्यरूपाच्या रकान्यात अनुस्वाराची रूपं तेव्हाच घातली.

जिथे आत्याचं आणि माझं जुळलं नाही तिथे चूक कुणाची यावर वाद न घालता नियमपत्रक उघडलं. बहुतेक वेळा पत्रकच त्या बाबतीत गप्प होतं.

तक्त्यातून नकाशाकडे

इन्सेप्शनमधून टॅबने विभागलेल्या स्वरूपात मजकूर बाहेर काढता येतो. दर ओळीत एक शब्द आणि पुढे त्याचे टॅग. टॅग नसेल तिथे अधोरेषा असते, त्या ओळी चाळणीने काढून टाका. दोन शब्दांच्या नावांपुढे चौकटी कंसात एकच क्रमांक दिसतो, त्यावरून ते जोडून घ्या. मग ओळख क्रमांकाच्या आधारे अक्षांश-रेखांशाचा तक्ता शेजारी आणा.

फाइल सीएसव्ही, यूटीएफ-८ म्हणून साठवा. एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी खिचडी दिसली तर घाबरू नका. फाइल चांगली आहे, एक्सेलने एन्कोडिंग चुकीचं ओळखलं आहे. ‘डेटा’ मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ निवडा. अक्षांश-रेखांश आणि तारखा मात्र इंग्रजी अंकांत ठेवा, देवनागरी अंक क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरला मजकूर वाटतात.

क्यूजीआयएस मोफत आहे. त्यात ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’ निवडून फाइल द्या. आडव्या अक्षासाठी रेखांश, उभ्यासाठी अक्षांश, आणि निर्देशांक पद्धत ईपीएसजी ४३२६ (साध्या अक्षांश-रेखांशांचा संकेत). इथे अदलाबदल सगळ्यांची होते. इंदूरचा अक्षांश साधारण २२.७२ आणि रेखांश ७५.८६. मी उलटे दिले तेव्हा आमचं रामबाग नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन बसलं.

खाली ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा घाला, ठिपक्यांना प्रकाराप्रमाणे रंग द्या, ‘अंदाज’ असलेले पोकळ ठेवा. तारखेचा रकाना नीट असेल तर टेम्पोरल कंट्रोलर वापरून वर्षावर्षाने ठिपके उमटताना पाहता येतात. माझ्या नकाशात इंदूर, महू, पाताळपाणी, कालाकुंड, बडवाह, सनावद, खंडवा असे ठिपके ओळीने लागले आणि खंडव्यावर मोठा पुंजका झाला. पत्रांत ‘खांडव्यास गाडी बदलली’ हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. इंदूरकडची लहान रूळांची गाडी तिथे संपायची आणि मुंबईकडची मोठ्या रूळांची सुरू व्हायची. ती रात्र स्टेशनवर काढावी लागे, आणि वेळ जाता जात नसल्याने आजोबा तिथे बसून पत्रं लिहीत. ज्या पत्रांना मथळ्यात ‘मु॥’ नाही, ती बहुतेक याच फलाटावरची असावीत. त्यांचा ‘कुठून लिहिलं’ रकाना मी ‘खंडवा, अंदाज’ असा भरला आहे.